थोरल्याची पट्टी

आमच्या तालुक्यातल्या माणसाला गाण्यावर मत द्यायला चाळीस सेकंद पुरतात. त्यातले वीस तो ढोलकी कधी सुरू होते याची वाट बघण्यात घालवतो. दोघा भावांचा नवा अल्बम सकाळी मोबाईलवर आला आणि चहा उकळेपर्यंत आमच्या ग्रुपवर त्याची तिरडी बांधून झाली होती.

हे दोघे भाऊ शेजारच्या जिल्ह्यातले. थोरला आता पासष्टीच्या पुढचा. तो गातो. धाकटा पेटी वाजवतो आणि ध्रुवपद उचलतो. तीस-पस्तीस वर्षं आमच्याकडची एक वरात, एक जत्रा, उसाचा एक ट्रॅक्टर यांच्या गाण्यावाचून पुढं सरकला नाही. ट्रॅक्टरवाल्यांचं तर विचारूच नका. दोन ट्रॉल्या ऊस, त्यावर एवढाले साऊंडबॉक्स आणि त्यात थोरला. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत गाड्या रांगेत उभ्या असतात. तिथं एकानं नवं गाणं लावलं आणि मागच्याला आवडलं, की मागचा तेच लावतो, मग त्याच्या मागचा. गाणं असं रांगेच्या शेपटापर्यंत गेलं म्हणजे पास. आमच्याकडं दुसरी परीक्षा नाही.

या वेळी कडा गावच्या कारखान्यावरच्या रांगेतून एकानं लिहिलं, "एकानं लावलतं. मागच्यानं हॉर्न मारून मारून बंद करायला लावलं." त्याखाली हसून रडणारे चेहरे. मग सुरूच झालं. "लई घाण केली बे." "ठेका कुठं हाय?" "आवाज बसला म्हाताऱ्याचा." "काऊन गायलेत आता? घरी बसावं की." एकानं लिहिलं, "म्या ऐकला न्हाई, पण सगळेच म्हणायलेत तर वाईटच असंल." या माणसाचा मला सगळ्यात जास्त राग आला आणि खरं सांगायचं तर सगळ्यात प्रामाणिक तोच होता.

आमच्या ग्रुपात एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी दुपारी लांबलचक मजकूर टाकला. कलावंतानं कुठं थांबावं हे त्याला कळलं पाहिजे, असा त्याचा सूर. हे गुरुजी निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी रोज सकाळी शाळेत जाऊन हेडमास्तरच्या समोरच्या खुर्चीत बसतात आणि पोरांच्या वह्या तपासायला मागतात. थांबावं म्हणे.

माझं मत विचाराल तर मीही लिहिलं होतं. "जमलं न्हाई." एवढंच. पण त्या दोन शब्दांवर जेवढे अंगठे पडले तेवढे गुरुजींच्या निबंधावर पडले नाहीत, कारण या विषयात माझा शब्द म्हणजे शेवटचा. तेलगावच्या फाट्यावर माझं दुकान आहे. आता तिथं मोबाईल दुरुस्त होतात, कव्हर बदलून मिळतात आणि पेनड्राईव्हमध्ये गाणी भरून मिळतात. आधी तिथं कॅसेट भरून मिळायची. लोक कोरी कॅसेट आणि वहीच्या कागदावर गाण्यांची यादी घेऊन यायचे, मी त्यांना हवी ती गाणी एकापाठोपाठ एक भरून द्यायचो. दोघा भावांची गाणी माझ्याइतकी कुणी भरली नसतील. मी स्वतः मात्र नव्या अल्बममधलं दीड गाणं ऐकलं होतं.

अल्बम यायच्या आठवडाभर आधी धाकट्याचा मला फोन आला होता. नंबर त्याला कुणा ड्रायव्हरनं दिलेला. म्हणाला, "दादाची एक इच्छा हाय. पहिला कार्यक्रम तुमच्या गावच्या जत्रंत झालता, बैलगाडीवर उभं राहून. आता ही नवीन गाणी एकदा तिथं म्हणायची म्हणतो. पुढं जमंल, न जमंल. तुमी कमिटीला विचारा." मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "विचारायचं काय त्यात, आलाच म्हणून समजा." त्या क्षणाला मला वाटलं होतं की आता आमच्या गावात माझ्यापेक्षा मोठं कोणी उरलं नाही.

आणि आठवड्यात हे असं झालं. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे आमचे माजी सरपंच, पन्नास एकरांचे धनी आणि दोघा भावांचे एक नंबरचे भक्त. त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर दोघांचा फोटो आहे, त्यातला थोरल्याचा गाल वायपरनं घासून घासून पांढरा केलाय. अध्यक्षांनी दुकानात येऊन बाकड्यावर बूड टेकलं आणि म्हणाले, "असलं गाणं जत्रंत ठेवलं तर लोकं चपला मारतील. मी म्हणतो डीजे सांगू."

"पण तुमचे दैवत आहेत ना ते," मी म्हणालो.

"दैवत हायेत म्हणूनच म्हणायलो. त्यांची अब्रू ऱ्हावी."

दैवताची अब्रू राहावी म्हणून दैवताला घरी बसवायचं, ही भक्ती फक्त आमच्याकडं पिकते. बाकड्यावर आधीपासून बसलेल्या चौघांनी माना डोलावल्या. पैकी दोघांनी दंडावर त्या भावांची नावं गोंदवलेली आहेत. ऐकायला सांगितलं असतं तर एकाच्यानंही अल्बममधली आठ गाणी सलग ऐकवली नसती. यांना गायक नको होता. यांना त्यांच्या लग्नाच्या दिवशी वाजलं होतं तेच पुन्हा पाहिजे होतं, नवऱ्यामुलाच्या वयासकट.

दुसऱ्या दिवशी नांदूरघाटाकडचा एक मेंढपाळ आला. दर वर्षी या दिवसांत त्याच्या मेंढ्या आमच्या शिवारात बसतात, खतासाठी. साठीचा माणूस, बोलायला कमी. त्याच्या मोबाईलच्या स्पीकरमध्ये माती गेली होती. मी तो साफ करून वाजतो का बघायला हातापाशी होतं ते लावलं, म्हणजे नवा अल्बम. तो बाकड्यावर बसून ऐकत राहिला. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. मी बंद करायला गेलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की." मग आम्ही आठही ऐकली. एका गाण्यात नुसती पेटी आहे आणि थोरला मध्ये श्वास घेतो तो ऐकू येतो. तिथं तो मेंढपाळ थोडा पुढं वाकला. मी पण.

शेवटी म्हणाला, "ह्यो बरोबर हाय."

"काय बरोबर?"

"आवाज. असाच हाय त्यांचा. मागं एकदा त्यांची जीप बंद पडलती माळावर. दुपारभर माझ्या मेंढ्यांपाशी बसले. भाकरी खाल्ली अन् गायले, असंच, बसून. म्या म्हणलं, कॅसेटीत बारीक काऊन वाटतो मग? तर ते बी हसले. म्हणले, आमालाच ठावं न्हाई." मग त्यानं माझ्या काउंटरवरच्या साऊंडबॉक्सकडं बोट केलं. "तुमच्यातला पळतो. मेंढरामागं लांडगा लागल्यावानी."

तो मोबाईल घेऊन गेला आणि मी शटर अर्धं ओढून आत बसलो. माणूस विसरतो असं म्हणतात ते खोटं आहे. माणूस एखादी गोष्ट फडताळात मागं ढकलतो आणि पुढं डबे लावतो.

झालं होतं असं. कॅसेट भरायला माझ्याकडं दोन टेप होते, मध्ये वायर. एकावर मूळ कॅसेट वाजायची, दुसऱ्यावर कोरी भरायची. लोक यादीत इतकी गाणी लिहून आणायचे की साठ मिनिटांच्या कॅसेटवर शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचं. मग भांडायला यायचे. टेपच्या मोटरीला मागं एक बारीक भोक असतं, त्यात एक स्क्रू. तो फिरवला की मोटर हळू होते. भरायचा टेप हळू चालवला की तेवढ्याच फितीवर जास्त गाणी मावतात. पुढं गिऱ्हाईक ती कॅसेट आपल्या टेपवर लावायचं तेव्हा ती नेहमीच्या वेगानं फिरायची, म्हणजे गाणी पळायची आणि आवाज चढायचा. मला हे कळत होतं. मी पेचकस घेऊन तो स्क्रू अर्धा आटा फिरवला, शेवटचं गाणं मावलं आणि भांडणं मिटली.

पण पुढं जे झालं ते जास्त वाईट. लोक म्हणायला लागले, "तुझ्या कॅसेटीला दम हाय. दुसरीकडची मेल्यावानी वाटती." केजवरून, आष्टीवरून ड्रायव्हर मुद्दाम माझ्याकडं यायला लागले. मी स्क्रू मागं फिरवायचा सोडून त्याला मेण लावून पक्का केला. पुढं कॉम्प्युटर आला तेव्हा ओरिजनल कॅसेटी घासून गेल्या होत्या, म्हणून मी माझ्या भरलेल्या कॅसेटींवरनंच गाणी कॉम्प्युटरवर घेतली. तीच आजवर पेनड्राईव्हमध्ये जातात. कॅसेट कंपनीनं जुनी गाणी मोबाईलवर टाकली तेव्हा आमच्या भक्तांनी ऐकून निकाल दिला होता की ही डुप्लिकेट आहेत, ओरिजनल तेलगावला मिळतात. मी त्या वेळी गालातल्या गालात हसलो होतो. या गाढवांना गाणं कळत नाही, असं मनात म्हणालो होतो. गाढवांचा सरदार काउंटरच्या आत बसला होता, हे मेंढपाळानं सांगेपर्यंत मला दिसलं नाही.

मला वाटलं, आता सगळ्यांना सांगून टाकावं. थोरल्याचा आवाज बसलेला नाही, तो पहिल्यापासून तिथंच आहे. तुम्हाला चढलेला आवाज मी दिला. हे कळलं तर जत्रेचा कार्यक्रम वाचेल आणि त्या माणसाची एक इच्छा पुरी होईल. माझी काय अब्रू जायची ती जाईल.

कमिटीची बैठक देवळाच्या सभामंडपात होती, दुपारी, जेवणं करून. निम्मे जण डुलक्या काढत होते. मी उभा राहून सगळं सांगितलं. स्क्रू, मोटर, मेण, सगळं. मला वाटलं होतं लोक चिडतील, शिव्या देतील, निदान एखादा तरी गप्प होईल.

अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी तुझ्याच्यानं होतंय ना? मग हे नवीन बी पळव की बे."

मला आधी कळलंच नाही. गुरुजी म्हणाले, "योग्य सूचना हाय. रसिकांच्या अपेक्षेनुरूप संस्करण." बाकीचे खडबडून जागे झाले. "करच. आत्ता कर. पेनड्राईव्ह आण."

आणि मी केलं. हे लिहिताना मला माझी किळस येते, पण मी केलं. मी स्वतःला समजावलं की निदान कार्यक्रम तरी होईल. कॉम्प्युटरवर आता पेचकसही लागत नाही. पडद्यावरची वेगाची एक काडी उजवीकडं सरकवायची. खाली ढोलकीचा एक तयार तुकडा जोडला. थोरला जिथं श्वास घेत होता तिथं आता ढोलकी वाजत होती. सभामंडपात लावलं आणि दुसऱ्या मिनिटाला अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "आता कसं! ह्यो आमचा वाघ!" दंडावर गोंदलेल्यांपैकी एकाच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. दोन दिवसांनी कड्याहून निरोप आला की गाणं रांगेच्या शेपटापर्यंत गेलं. ग्रुपवर ज्यांनी घरी बसायला सांगितलं होतं तेच आता लिहीत होते की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मोबाईलच खराब होता. गुरुजींनी नवा मजकूर टाकला. कलावंत कधी म्हातारा होत नाही, असा त्याचा सूर.

ठरावाच्या वहीत कार्यक्रम मंजूर झाला. अध्यक्षांनी फक्त एक अट घातली. "त्यांना सांग, ह्या पट्टीतच म्हणायचं. तसं बसून रडगाणं नको."

मी दुकानात येऊन धाकट्याला फोन लावला. त्याला इतका आनंद झाला की मला मध्ये बोलताच येईना. मग जरा खाली आवाजात म्हणाला, "फक्त एक हाय. डॉक्टरनी दादाला वर गायचं न्हाई सांगितलंय. गळ्याचं ऑपरेशन झालंय मागच्या साली. ही गाणी बी खालच्या पट्टीतच हायेत, त्याच्या मूळच्या. पण तुमच्याकडं यायचं म्हणल्यावर दादा ऐकंल असं वाटत न्हाई."

"म्हणजे?"

"अहो, दादाची पट्टी पेटीवरची काळी एक. सगळीकडं तिथंच गातो. फक्त तुमच्या जिल्ह्यात आलो की लोकं वरडायची, चढवा, चढवा. सुरवातीला आमाला कळंना, काऊन वरडायलेत. मग दादा एक सूर वर, काळी दोनवर जाऊन दोन-दोन तास गायचा. तुमच्याकडं कार्यक्रम झाला की आठ-आठ दिवस बोलायचा न्हाई, पाटीवर लिहून दाखवायचा. मी म्हणायचो सोड, नको जाऊ तिकडं. तर म्हणायचा, इतर ठिकाणची माणसं ऐकतेत, ती माणसं मला वर ओढतेत. एवढा जीव कोण लावतो?"

त्या ओरडणाऱ्यांत मीही असायचो. पुढच्या रांगेत.

मी सांगितलं त्याला, नवीन गाणी पळवल्यासकट. सभामंडपात सांगितलं तसंच, पण तिथं मला धीट वाटलं होतं, इथं नाही. सांगून झालं. मग थोरल्याचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"किती फिरवला व्हता?" थोरल्यानं विचारलं. आवाज तोच, मेंढपाळाच्या मोबाईलमधला.

"अर्धा आटा, दादा."

"अर्धाच?"

"अर्धाच. वर मेण लावून पक्का केला."

"मला वाटायचं, माणसं ओढायलीत." तो थांबला, श्वास घेतला, तो मला ऐकू आला. "बरं. तुमी ते नवीन पळवलंय म्हणलात ना, ते मला पाठवा. ऐकू द्या एकदा. एवढी माणसं जीव लावून बसलीत तो गडी हाय तरी कोण."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी पाठवलं. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या आणि मग काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्याचा मेसेज आला. "आमी येत न्हाई. दादा म्हणतो, गडी लई चांगला गातो. जत्रंला त्यालाच बोलवा."

मी तो मेसेज अध्यक्षांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि त्यांना त्यात काही टोचलं नाही. "बघ," म्हणाले, "केवढं मोठं मन हाय. म्हणतेत पेनड्राईव्ह लावा. डीजेचा बी खर्च वाचला."

तर चैत्रात जत्रेला आम्ही त्यालाच बोलावलं. स्टेजवर खुर्ची ठेवली, खुर्चीवर दोघांचा फोटो ठेवला. अध्यक्षांनी जिवंत माणसांच्या फोटोला हार घातला आणि टाळ्या झाल्या. मागं कडेला मेंढपाळ उभा होता, तो पहिल्याच गाण्याला निघून गेला. बाकी सगळं गाव नाचलं. "चढवा, चढवा" म्हणून ओरडत नाचलं, आणि मी काडी आणखी थोडी उजवीकडं सरकवली, कारण मशीनवर मीच बसलो होतो.